रमफर्डची पांढरी शेकोटी

अकरावी-बारावीला विज्ञान शिकलेल्यांना काउंट रमफर्ड हे नाव अंधुकसे आठवत असेल. तोफेच्या नळीला भोक पाडताना ती इतकी का तापते, असा प्रश्न पडलेला हा माणूस. उष्णता हा एखादा अदृश्य द्रव नसून ती एक प्रकारची गती आहे, हे त्याने त्या तोफेवरून मांडले आणि पाठ्यपुस्तकात जागा मिळवली. पण त्याच्या हयातीत लंडनच्या घराघरांत त्याचे नाव पोहोचले ते तोफेमुळे नव्हे. शेकोटीभोवतीच्या भिंती कशा असाव्यात, त्या कशाच्या बांधाव्यात आणि त्यांना कोणता हात द्यावा, हे त्याने सांगितले म्हणून. छातीचे रुग्ण रोज तपासणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला त्याचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे वाटते.

रमफर्डचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म २६ मार्च १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावचा. अमेरिका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. घर शेतकऱ्याचे. मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील वारले. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले, पण दुकानदारीत त्याचे मन नव्हते. शोभेची दारू तयार करताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला. पुढे काही काळ त्याने एका डॉक्टरच्या हाताखाली वैद्यकीचे धडे घेतले, हार्वर्डला जाऊन विज्ञानाची व्याख्याने ऐकली आणि पोटासाठी शाळामास्तरकी धरली.

ही मास्तरकी त्याला न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावी घेऊन गेली. या गावाचे जुने नाव रमफर्ड. तिथे १७७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सारा रोल्फ या श्रीमंत विधवेशी लग्न केले. ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी होती. मास्तर एकदम जमीनदार झाला, राज्यपालाच्या बैठकीत वावरू लागला. १७७४ मध्ये मुलगी झाली. पण वसाहतीत बंडाचे वारे वाहत होते आणि थॉम्प्सन इंग्रज राजाच्या बाजूचा होता. ब्रिटिशांना गुप्त बातम्या कळवण्यासाठी त्याने अदृश्य शाईने पत्र लिहिल्याचा पुरावा पुढे सापडला. गावकऱ्यांचा संशय वाढला तसा तो पळाला. बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली. बायकोची आणि त्याची पुन्हा कधीही भेट झाली नाही. मुलगी भेटली ती वीस वर्षांनी.

१७७६ मध्ये तो लंडनला पोहोचला आणि तिथल्या सरकारी कचेरीत झपाट्याने वर चढला. बंदुकीच्या दारूवरचे प्रयोग त्याने चालूच ठेवले होते. १७७९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. १७८४ मध्ये राजाने सर ही पदवी दिली आणि त्याच सुमारास तो बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या, कार्ल थिओडोरच्या, चाकरीत म्युनिकला गेला. पुढची अकरा वर्षे त्याने तिथे काढली.

म्युनिकमध्ये त्याच्याकडे सैन्याची व्यवस्था आली. सैनिकांना गणवेश कोणत्या कापडाचा द्यावा, हा तिथला रोजचा प्रश्न. थॉम्प्सनने तो प्रयोगशाळेत नेला. तापमापीभोवती लोकर, कापूस, रेशीम, पिसे असे निरनिराळे पदार्थ गुंडाळून तो गार व्हायला किती वेळ लागतो, हे त्याने मोजले. पदार्थाच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा ऊब राखते, हे त्यातून दिसले. गोधडीचे दोन-तीन थर एका जाड चादरीपेक्षा उबदार का, याचे उत्तर हेच. या कामासाठी १७९२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले.

१ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी सैनिकांकरवी एकाच दिवशी धरायला सुरुवात केली. त्यांना एका मोठ्या कार्यशाळेत नेऊन सूतकताई आणि शिवणकाम दिले, राहण्याची ऊब आणि पोटभर जेवण दिले. बार्ली, वाटाणे, बटाटे आणि थोडा व्हिनेगर घालून केलेले ते सूप रमफर्ड सूप म्हणून युरोपभर गेले. लोकांना धरून आणून काम द्यायचे, ही पद्धत आज आपल्याला पटणार नाही. पण शेकडो माणसांचा स्वयंपाक रोज करायचा म्हटल्यावर सरपणाचा हिशेब आला, आणि तिथून त्याचे लक्ष चुलीकडे वळले. उघड्या जाळावर ठेवलेल्या भांड्याखाली बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्याने पाहिले. त्याने जाळ विटांच्या बंदिस्त कोठीत घातला, प्रत्येक भांड्याला स्वतंत्र जागा केली आणि हवेचा झोत कमी-जास्त करायची सोय ठेवली. इटलीच्या प्रवासात व्हेरोना शहरातल्या दोन इस्पितळांची स्वयंपाकघरे त्याने याच पद्धतीने नव्याने बांधून दिली.

या सेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली. पदवीसाठी गावाचे नाव निवडायचे होते. ज्या गावातून तो रातोरात निघाला होता, त्याच गावाचे जुने नाव त्याने घेतले. बेंजामिन थॉम्प्सनचा काउंट रमफर्ड झाला. १७९२ मध्ये त्याची पत्नी अमेरिकेत वारली.

१७९५ च्या शरदात तो लंडनला परतला. शहर कोळशावर जगत होते. खोलीच्या भिंतीत चौकोनी कोनाडा, त्यात कोळशाची जाळी आणि वर धुरांडे, अशी तेव्हाची फायरप्लेस. तोंड रुंद, कोनाडा खोल आणि धुरांड्याचा गळा इतका मोठा की त्यातून माणूस चढून जावा. उष्णता सरळ वर निघून जाई. खोलीतली ऊबदार हवाही धुरांड्यावाटे खेचली जाई, आणि तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बर्फासारखी हवा आत येई. शेकणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. गळा फार मोठा असल्याने वर जाणारा धूर रेंगाळे आणि वारा फिरला की खोलीत परत येई. भिंती, पडदे, छत आणि माणसांची फुप्फुसे काजळत.

रमफर्डने या दुखण्याचे निदान एखाद्या वैद्यासारखे केले. रोग वरच्या धुरांड्यात नसून खालच्या गळ्यात आहे, असे त्याचे म्हणणे. १७९६ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने गवंड्याला समजेल अशा भाषेत मापे दिली. धुरांड्याचा गळा फक्त चार इंच खोल ठेवायचा. कोनाड्याची मागची भिंत पुढे आणायची आणि ती दर्शनी तोंडाच्या साधारण एक-तृतीयांश रुंदीची करायची. बाजूच्या दोन भिंती मागच्या भिंतीशी काटकोनात न ठेवता १३५ अंशांच्या कोनात बाहेर उघडायच्या. गळ्याच्या पुढच्या काठाची धार गोलसर करायची, म्हणजे हवा न अडखळता वर वळते. गळा अरुंद झाला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, आणि तो वेग धुराला सोबत ओढून नेतो.

यातही भिंत कशाची, याला त्याच्या लेखी फार महत्त्व होते. त्या काळी श्रीमंतांच्या फायरप्लेसला लोखंडी पत्रे लावायची पद्धत होती. रमफर्डने ते काढायला सांगितले. लोखंड उष्णता शोषून घेते आणि खोलीकडे परत फार थोडी पाठवते, असे त्याचे निरीक्षण. त्याच्या पसंतीला उतरली ती आगीला टिकणारा दगड आणि साधी वीट. विटेवर पातळ गिलावा करायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग त्यावर चुन्याची सफेदी द्यायची. फायरप्लेसचा जो भाग धुराने काळा होणे अटळ नाही, तो जमेल तितका पांढरा आणि स्वच्छ ठेवायचा. काळा पृष्ठभाग उष्णता गिळतो आणि पांढरा ती खोलीत परतवतो, हा त्यामागचा विचार. लागणारे सामान म्हणजे थोड्या विटा, चुना आणि गवंड्याचा थोडा वेळ. त्याच्या या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही.

गळा अरुंद केल्यावर धुरांडे साफ करणाऱ्याने वर कसे जायचे? रमफर्डने मागच्या भिंतीत काढता-घालता येणारा दगड बसवायची युक्ती सांगितली. इथे थोडे थांबायला हवे, कारण ते साफ करणारे बहुधा लहान मुलगे असत. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच लिहून ठेवले होते की धुरांडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण त्वचेच्या वळ्यांत साचणारी काजळी आहे. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची वैद्यकशास्त्रातली ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना धुरांड्यात चढवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात बंद व्हायला १८७५ साल उजाडले. रमफर्डच्या सुधारणेने खोलीतला धूर कमी केला. धुरांड्यातल्या मुलाची सुटका तिने केली नाही.

नव्या फायरप्लेसची लाट आली. काही महिन्यांत लंडनमधल्या शेकडो फायरप्लेस बदलल्या गेल्या. जेन ऑस्टेनच्या नॉर्थँगर ॲबी या कादंबरीत जुन्या भव्य शेकोटीऐवजी रमफर्ड पद्धतीची शेकोटी पाहून नायिकेचा विरस होतो. व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने १८०० मध्ये त्याला स्वतःच्याच शेकोटीपुढे कोटाची शेपटी वर करून पाठ शेकताना दाखवले.

तोफेचा प्रबंध १७९८ चा. बोथट हत्याराने तोफ कोरताना निघालेल्या उष्णतेने भोवतीचे पाणी सुमारे अडीच तासांत उकळले, जवळ विस्तव नसताना. घर्षण चालू असेतो उष्णता येतच राहते, तेव्हा ती साठवलेला पदार्थ असू शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. १७९९ मध्ये त्याच्या पुढाकाराने लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. हम्फ्री डेव्ही आणि थॉमस यंग यांना त्याच्याच काळात तिथे नेमले गेले. फॅरेडेने पुढे आयुष्यभराचे काम त्याच वास्तूत केले. रमफर्डने दिलेल्या देणगीतून रॉयल सोसायटी रमफर्ड पदक देऊ लागली. पहिले पदक खुद्द रमफर्डला मिळाले, आणि १८५६ चे लुई पाश्चरला.

पांढऱ्या भिंतीचा विचार मात्र त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने पितळेची सारखी भांडी गरम पाण्याने भरली. एक चकचकीत ठेवले, दुसऱ्याला कापड गुंडाळले, आणखी एकाला काजळी फासली. चकचकीत भांडे सगळ्यांत सावकाश निवले. घासलेल्या पितळी भांड्यातले पाणी काजळी धरलेल्या भांड्यापेक्षा जास्त वेळ गरम राहते, ते यामुळे. इथवर तो बरोबर होता. पण यातून त्याने असा सिद्धांत बांधला की गार वस्तूंमधून थंडीचे किरण निघतात आणि पांढरा रंग ते परतवतो. पॅरिसच्या हिवाळ्यात तो पांढरा पोशाख आणि पांढरी टोपी घालून फिरे. लोक हसत.

आज आपल्याला माहीत आहे की थंडीचे किरण नसतात. डोळ्यांना जे पांढरे दिसते ते उष्णतेच्या सगळ्याच किरणांना पांढरे नसते, हेही कळले आहे. चुना दिसणारा प्रकाश आणि त्याच्या लगतचे अवरक्त किरण चांगले परतवतो. शरीरातून किंवा कोमट भिंतीतून निघणाऱ्या लांब तरंगलांबीच्या किरणांना मात्र चुना आणि काजळी जवळपास सारखेच. म्हणजे रमफर्डच्या पांढऱ्या कोटाचा घरात बसून काही उपयोग नव्हता. शेकोटीचे तसे नव्हते. धगधगत्या निखाऱ्यांच्या किरणांचा काही भाग सफेदीवरून परतत होता, आणि उरलेल्या उष्णतेने तापलेल्या तिरप्या विटा खोलीच्या दिशेने ऊब फेकत होत्या. त्याचे स्पष्टीकरण अर्धे चुकले तरी गवंड्याला दिलेली मापे कामाची ठरली.

शेवटची वर्षे फ्रान्समध्ये गेली. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या विधवेशी त्याने १८०५ मध्ये लग्न केले. संसार चार वर्षेही धड चालला नाही. न विचारता बोलावलेल्या पाहुण्यांना त्याने फाटकातच अडवले, तर तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतई येथे तो वारला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत ऊब कशी टिकवावी हे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर दोनदा टिकवता आले नाही.

रमफर्ड ज्या धुराशी झगडला, तो आजही आपल्या ओपीडीत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. आयुष्यात कधी विडी न ओढलेली पन्नाशी-साठीची बाई दम लागतो म्हणून येते, तेव्हा आम्ही आधी चुलीबद्दल विचारतो. तिच्या घरची भिंत दर दिवाळीला चुन्याने पांढरी होत असते आणि दोन महिन्यांत चुलीच्या वर पुन्हा काळी पडते. जी काजळी भिंतीवर दिसते, तिचेच सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत गेलेले असतात. तिथे सफेदी करता येत नाही. गॅस घरात आला असला तरी पाणी तापवायला चूल चालूच आहे का, हे म्हणून विचारावे लागते. चूल वापरावीच लागत असेल तर धूर बाहेर नेणारी नळी आणि समोरासमोर उघडी जागा हवीच.

धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड हा वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे. एकाच खोलीतल्या सगळ्यांना ती एकदम सुरू झाली, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि मग इस्पितळ गाठा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत आकडा चांगला दाखवतो, त्यावर विसंबू नका. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जिवावर बेतते, ते याच वायूमुळे.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या बंगल्यात हौसेने फायरप्लेस बांधणारे आता दिसतात, आणि आपली अनेक मुलेबाळे परदेशातल्या जुन्या घरांत राहतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

शेकोटीच्या तोंडाभोवती वीट, दगड, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा किंवा उष्णतेला टिकणाऱ्या चिकट मिश्रणाने बसवलेल्या फरशा असाव्यात. लाकडी पट्ट्या, लॅमिनेट, पीव्हीसीचे पत्रे, फोम आणि प्लास्टिकचा वॉलपेपर जवळ नको. लाकूड वर्षानुवर्षे तापत राहिले की आतून कोळपते आणि मग कमी तापमानालाही पेट घेते. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत शेकोटीच्या तोंडापासून निदान सहा इंचांपर्यंत जळणारी वस्तू लावायला मनाई आहे. आपल्याकडे त्याहून जास्त जागा सोडली तर बिघडत नाही. परदेशातल्या जुन्या घरात शेकोटीभोवतीचा रंग खरवडण्याआधी त्यात शिसे आहे का आणि मागचा तक्ता ॲस्बेस्टॉसचा आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. त्यांची धूळ धुराइतकीच वाईट.

धुरांडे वर्षातून एकदा साफ करून घ्यावे आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म लावावा. शेकोटीच्या वरच्या भिंतीला फिकट रंग द्यावा, म्हणजे धूर खोलीत परतू लागला तर काळा डाग लगेच दिसतो. तसा डाग दिसला तर त्यावर पुन्हा रंग मारू नये. धुरांड्यात पक्ष्याचे घरटे आहे का, गळा तुंबला आहे का, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा हवा उलटी ओढतो आहे का, हे आधी पाहावे, आणि कारण सापडेपर्यंत शेकोटी पेटवू नये.